सैल दोराची गोष्ट

‘कावा’ हा शब्द आपल्याला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतो आणि पुढे आयुष्यभर ‘गनिमी’ला चिकटून राहतो. कावा म्हणजे डाव, कावेबाज म्हणजे आतल्या गाठीचा. पण जुन्या कोशांत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: घोड्याला मंडळात फिरवणं. हिंदीत ‘कावा काटना’ हा प्रयोग अजून त्या अर्थानं सापडतो. मध्ये माणूस उभा, त्याच्या हातात लांब दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडा, आणि त्या घोड्यानं माणसाभोवती घातलेले फेरे. पाठीवर बसण्याआधी, जमिनीवर उभं राहून घोडा शिकवायच्या ज्या रीती आहेत, त्यांतली ही बहुधा सगळ्यांत ओळखीची.

घोडा शिकवणं आणि समोरच्याला फसवणं या दोन्ही गोष्टी मराठीत एकाच शब्दात नांदतात. घोड्यांबद्दलची पुस्तकं वाचताना आणि चित्रपट बघताना मला हा शब्द सारखा आठवत राहिला.

तुमच्या फोनवर ही रील कधी ना कधी आली असेल. गोल कुंपणात एक घोडा उधळलाय. डोळे विस्फारलेले, धूळ उडतेय. मध्ये टोपी घातलेला माणूस शांत उभा. घोडा फेऱ्यांवर फेरे मारतो. मग माणूस त्याच्याकडे पाठ करतो, मान खाली घालतो. संगीत हळवं होतं. घोडा थांबतो, एकेक पाऊल टाकत येतो आणि त्याच्या खांद्याला नाक लावतो. साठ सेकंदांत रानटी जनावर मित्र झालं. खाली बदाम आणि रडक्या चेहऱ्यांची रांग.

या साठ सेकंदांच्या मागे दीडशे वर्षांचं गोष्ट सांगणं आहे. त्यातल्या चार कलाकृतींबद्दल मला लिहायचंय: एक कादंबरी, एक आत्मकथन, एक माहितीपट आणि एक चित्रपट. चौघांनाही मी एकच प्रश्न विचारणार आहे. घोडा जवळ येतो तेव्हा तो का येतो, हे ही गोष्ट खरं सांगते का?

माझं घोड्यावर बसणं माथेरानपुरतं आहे, तेव्हा हे लिखाण जाणकार घोडेस्वाराचं नाही. पण शिंगरू कसं शिकतं हे थोडं समजून घेतल्याशिवाय या कलाकृतींबद्दल नीट बोलता येत नाही. म्हणून आधी तेवढं.

दोर कधी सुटतो

शिंगराच्या तोंडावर मोरखी आहे, मोरखीला दोर आहे. तुम्ही दोर हलकाच ओढून धरता. शिंगरू पाय रोवून उभं राहतं. तुम्ही जोर वाढवत नाही आणि सोडतही नाही. थोड्या वेळानं, वैतागून म्हणा किंवा तोल सावरायला म्हणा, ते अर्धं पाऊल पुढे टाकतं. त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे. शिंगराच्या लक्षात राहतं ते एवढंच: पाऊल टाकलं की सुटका होते. पुढच्या वेळी पाऊल लवकर पडतं. काही दिवसांनी दोर ताणायचीही गरज राहत नाही, तुमचा हात हलला तरी पुरतं.

ओढणं कुणालाही जमतं. सोडण्याची वेळ साधायला वर्षं जातात. दोर दोन सेकंद उशिरा सुटला आणि तेवढ्यात शिंगरानं मान झटकली, तर मान झटकल्यावर सुटका होते असा धडा त्याला मिळतो. पाय उचलून खूर साफ करू देणं, अंगावर गोणपाट किंवा छत्री सहन करणं, माणसाला जागा देऊन बाजूला सरकणं, गाडीत चढणं, या सगळ्याच्या मुळाशी हीच देवघेव असते. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला सगळ्यांत हवीशी वाटणारी गोष्ट म्हणजे त्रास थांबणं.

हे ज्ञान नवं नाही. ग्रीक लेखक झेनोफॉननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटं असताना व्हावा, आणि खाणं, पाणी आणि माश्यांपासून सुटका माणसाच्या हातून मिळावी. मग ते माणसावर जीव लावेल. वाचायला हे फार गोड वाटतं. पण दुसऱ्यांदा वाचलं की अंगावर काटा येतो. त्रास कधी व्हावा आणि सुटका कुणाच्या हातून व्हावी याचं वेळापत्रक माणूस आखतोय, आणि जे तयार होतं त्याला प्रेम म्हणतोय.

दुसरी गोष्ट वयाची. घोड्याच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो, तिथून हाड वाढतं आणि वाढ संपली की तो थर हाड होऊन मिटतो. पायात हे साधारण खालून वर होत जातं. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षात पक्की होतात, पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीचे मणके सगळ्यांत शेवटी, पाचव्या वर्षाच्या पुढेमागे. म्हणजे माणूस जिथे बसतो तीच जागा सगळ्यांत उशिरा तयार होते. गंमत अशी की दीड-दोन वर्षांचं शिंगरू उंचीनं जवळजवळ पूर्ण घोडा दिसतं. म्हणूनच या वयात शिकवायचं ते जमिनीवरून, थोडा वेळ, आणि लहान मंडळात फार फेरे न घालता; कारण सतत एका बाजूला वळत धावण्याचा भार कोवळ्या सांध्यांवर पडतो.

दोर सुटण्याची वेळ आणि हाड पिकण्याची वेळ, ही दोन घड्याळं हातात घेऊन आता गोष्टींकडे जाऊ.

एकच दोर, दोन घोडे

अ‍ॅना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ साली आली. स्यूएलची ती एकुलती एक कादंबरी; पुढच्याच वर्षी ती वारली. लहानपणी पायाला झालेल्या दुखापतीमुळे तिला नीट चालता येत नसे, आणि घराबाहेर पडायचं तर घोडागाडीचाच आधार. घोड्याच्या पाठीपेक्षा हातातल्या लगामातून घोडा ओळखणारी बाई. पुस्तक घोड्याच्या तोंडून सांगितलंय, म्हणून आपण ते मुलांच्या कपाटात ठेवून दिलं. ते चूक आहे. घोडा शिकवण्याबद्दल इतकं नेमकं लिखाण कथावाङ्मयात मी दुसरं वाचलेलं नाही.

स्यूएल तीच घटना दोनदा सांगते. पहिल्यांदा ब्यूटीची. त्याचा मालक त्याला चार वर्षांचा होईपर्यंत विकत नाही, कारण पोरांनी पुरुषांचं काम करू नये तसं शिंगरांनी घोड्यांचं करू नये असं त्याचं मत. मग तो स्वतः शिकवतो. तोंडात लोखंड घालणं किती वाईट असतं हे ब्यूटी लपवत नाही. पण त्याबरोबर ओट्स मिळतात, थोपटणं मिळतं. खोगीर चढतं, त्याची सवय होते, आणि मग एका सकाळी मालक पाठीवर बसतो आणि मऊ गवतावरून चक्कर मारतो. मऊ गवत हा तपशील कुणाला सुचतो? ज्याला खुराखालच्या जमिनीचा विचार आहे त्याला.

पुढचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. ब्यूटीला पंधरवडाभर रेल्वेलगतच्या कुरणात सोडतात. पहिली आगगाडी धडधडत जाते तेव्हा तो जिवाच्या आकांतानं कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पळतो. पुन्हा गाडी येते, पुन्हा पळतो. तिथल्या गाई-मेंढ्या मान वर करून बघतही नाहीत. काही दिवसांत त्याला कळतं की हे धूड कुरणात शिरत नाही, आणि भीती विरून जाते. या प्रसंगात शिकवणारा माणूस हजरच नाही. आहे ती पळायला जागा. शिंगराला पळू दिलं म्हणून ते थांबायला शिकलं.

आणि मग जिंजर. तिला कुरणाच्या कोपऱ्यात कोंडून अनेक माणसांनी धरलं, जबडा उघडून लोखंड आत घातलं. मालकाचा तगडा मुलगा तिला शिकवायला घेतो. मनासारखं झालं नाही की तो तिला लांब दोरावर मैदानात गोल गोल पळवतो, ती थकून जाईपर्यंत. आपला ‘कावा’ तो हाच. दोर तोच आणि मंडळ तेच. पण इथे ती काहीही केलं तरी दोर सुटत नाही, तो सुटतो शिकवणाऱ्याचा राग ओसरल्यावर. जिंजर यातून काय शिकेल? माणसाला काही सांगून उपयोग नाही, एवढंच. एक दिवस ती त्याला पाठीवरून फेकून देते, आणि पुढे बराच काळ तिच्या अंगात तो चावरेपणा उरतो.

तोच लोखंडाचा तुकडा, तोच दोर, आणि दोन वेगळे घोडे. अवजार निर्दोष नाही, पण निकाल अवजारावर लागत नाही, हे स्यूएल कुठलंही व्याख्यान न देता दाखवते.

तिची अडचण दुसरीकडे आहे. ब्यूटी बोलतो, आणि बोलणारा घोडा ‘हो’ म्हणू शकतो. आई सांगते: मन लावून काम कर, चावू नकोस, लाथ मारू नकोस. ब्यूटी ते शिरोधार्य मानतो. हा उपदेश घोड्याचा कमी आणि व्हिक्टोरियन घरातल्या नोकराचा जास्त आहे. आपल्या समाजात वाढलेल्या वाचकाला तो सूर लगेच ओळखू येतो: धनी चांगला असला की चाकरीत सुख आहे. क्रूरतेविरुद्ध स्यूएल जीव तोडून लिहिते, पण घोड्यानं आपलं असावंच का, हा प्रश्न ती ब्यूटीला विचारू देत नाही. निदान जिंजरला ती रागावू देते, आणि म्हणून पुस्तक मिटल्यावर मनात राहते ती जिंजर.

कुंपणाला दार नाही

रीलमधलं चित्र जगभर गेलं ते मुख्यतः माँटी रॉबर्ट्समुळे. त्याचं ‘द मॅन हू लिसन्स टू हॉर्सेस’ हे आत्मकथन १९९६ मध्ये आलं आणि प्रचंड खपलं. इंग्रजीत घोडा शिकवण्याला जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘मोडणं’. रॉबर्ट्सनं ते नाकारलं. जुन्या पद्धतीत घोड्याचे पाय बांधून, अंगावर गोण्या आपटून, तो लढणं सोडेपर्यंत दिवसेंदिवस थकवलं जाई. त्याऐवजी रॉबर्ट्स गोल रिंगणात घोड्याला पळवतो आणि त्याच्या अंगाची भाषा वाचतो: आतला कान माणसाकडे वळणं, मंडळ लहान होणं, जीभ फिरवत चघळल्यासारखं करणं, मान जमिनीकडे झुकणं. या खुणा दिसल्या की तो नजर काढून पाठ फिरवतो, आणि घोडा मागे येतो. १९८९ मध्ये त्यानं इंग्लंडच्या राणीसमोर हे करून दाखवलं. कधी खोगीर न पाहिलेला घोडा अर्ध्या तासाच्या आसपास स्वाराला पाठीवर घेतो, असा त्याच्या प्रात्यक्षिकांचा लौकिक.

पुस्तक वाचताना हातातून सुटत नाही. लहानपणी नेवाडाच्या माळावर जंगली घोड्यांचे कळप दिवस-रात्र न्याहाळणारा मुलगा, कळपातली वयस्क घोडी एका उनाड शिंगराला शिक्षा म्हणून कळपाबाहेर कशी ठेवते हे त्यानं पाहणं, त्यातून एक मूक भाषा उकलणं. हे सगळं एखाद्या चांगल्या शोधकथेसारखं रचलंय. आणि त्याच्यामुळे कितीतरी शिंगरांच्या पायांतले दोर सुटले असतील, हे श्रेय त्याचं त्याला दिलंच पाहिजे.

माझी तक्रार त्याच्या रीतीबद्दल कमी आणि त्याच्या शब्दांबद्दल जास्त आहे. तो सांगतो की घोडा माझ्याकडे यायचं ‘निवडतो’. पण रिंगण बघा. गोल कुंपण मुद्दाम असतं, कारण चौकोनात घोडा कोपऱ्यात तोंड घालून थांबू शकतो. गोलात थांबायला जागाच नाही. पळत राहायचं, नाहीतर मधल्या माणसाकडे यायचं. पळण्याचा त्रास माणूस देतोय, आणि तो थांबवायची किल्लीही त्याच्याच हातात. झेनोफॉनच्या माश्याच या, फक्त रिंगणात आणलेल्या.

मी ज्या धंद्यात आहे तिथे ही युक्ती फार ओळखीची आहे. पडद्यावर ‘मान्य आहे’ हे बटण मोठं आणि रंगीत ठेवायचं, ‘नको’ हे तीन पानं आत लपवायचं, आणि मग आकडे दाखवून म्हणायचं, बघा, लोकांनी स्वतः निवडलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही की ही निवड नव्हे.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिंगणात माणसाच्या मागे मागे जायला शिकलेले घोडे मोकळ्या कुरणात तपासले गेले. तिथे ते मागे गेले नाहीत. मला यात घोड्यांचा कृतघ्नपणा दिसत नाही. ते रिंगणातला नियम शिकले होते, आणि कुरणात तो नियम नव्हता. चघळण्याच्या खुणेबद्दलही अनेक अभ्यासकांचं मत असं की भीतीनं कोरडं पडलेलं तोंड ताण उतरल्यावर पुन्हा ओलं होतं, त्याची ती खूण असावी. म्हणजे ज्याला पुस्तक घोड्याची विनंती म्हणतं, तो कदाचित नुसता सुटकेचा निःश्वास असेल.

दोर सुटला, घोडा शिकला, इथपर्यंत गोष्ट खरी आहे. तिला मैत्रीचा करार म्हणणं हा कावा, दुसऱ्या अर्थानं.

सोनेरी शिंगरू

सिंडी मील यांचा ‘बक’ हा माहितीपट २०११ चा. बक ब्रॅनमन अमेरिकेत गावोगाव फिरून लोकांना त्यांच्या घोड्यांशी वागायला शिकवतो. निकोलस इव्हान्सच्या ‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीमागच्या प्रेरणांपैकी तो एक, आणि रॉबर्ट रेडफर्डच्या १९९८ च्या चित्रपटाचा सल्लागार. लहानपणी बापाचा भयंकर मार खाल्लेला, दोराचे खेळ दाखवणारा पोरगा म्हणून टीव्हीवर झळकलेला, पुढे पालक कुटुंबात वाढलेला. मार खाल्लेला मुलगा मार न देता घोडे शिकवतो, ही गोष्ट इतकी आयती आहे की माहितीपट तिच्यावरच तरला असता. पहिला तासभर तो बराचसा तसाच वाहतो. सुंदर डोंगर, सुंदर घोडे, ओलावलेले डोळे. बकची वाक्यं सुविचारांसारखी येत राहतात, आणि मी थोडी कंटाळले होते.

मग एक बाई तिचं तीन वर्षांचं सोनेरी शिंगरू घेऊन येते. जन्मताच आई गेलेली, जन्माच्या वेळी श्वास कोंडलेला, माणसाच्या घरात लाडानं वाढवलेलं. घोड्यांत राहून जे शिकायचं ते राहून गेलं, आणि माणसानं मर्यादा कधी घातली नाही. आता ते आडदांड झालंय, आणि त्याला माणसाची भीती नाही, आदर नाही, अंतर माहीत नाही. शिकवणीच्या दरम्यान ते एका माणसाच्या अंगावर जातं आणि त्याच्या डोक्याला जखम करतं. बक मालकिणीला सगळ्यांदेखत खडसावतो. दोष घोड्याचा नाही, हे तो लपवत नाही. पण घोडा वाचतही नाही. त्याला मारून टाकायचं ठरतं.

माहितीपटाचा कळस त्यानंतर येतो. घोड्याला न्यायला गाडी येते. तो चढत नाही. आणि बक त्याला चढवतो, त्याच संथपणे आणि तितक्याच जपून, एक पाऊल टाकलं की जोर काढून घेत. ज्या कौशल्यानं एरवी घोड्याचं आयुष्य सुरू होतं, तेच कौशल्य इथे त्याला मरणाच्या गाडीत नेतं. दिग्दर्शिकेनं इथे संगीताचा पूर चढवलेला नाही, ही तिची मोठी समज.

या एका प्रसंगानं माहितीपट रीलच्या जगातून बाहेर पडतो. कारण तो दोन गोष्टी सांगतो ज्या रील कधीच सांगत नाही. एक, नुसता लाड हेसुद्धा शिकवणंच असतं, आणि वाईट शिकवणं असतं. कधीच न ताणलेला दोर सैलही करता येत नाही. दोन, हे कौशल्य पवित्र नाही. ते घोड्याला कुठेही नेऊ शकतं. नेणारा कुठे नेतोय, हा प्रश्न कौशल्याच्या बाहेरचा आहे.

न उघडणारी मूठ

चौघांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो क्लोई झाओचा ‘द रायडर’, २०१७ चा. साउथ डकोटातल्या पाइन रिज या लाकोटा आदिवासींच्या राखीव प्रदेशात तो घडतो. ब्रेडी जँड्रो हा खरा रोडिओ स्वार आणि घोडे शिकवणारा. २०१६ मध्ये घोड्यावरून पडून त्याच्या कवटीला जबर मार लागला. झाओनं त्यालाच घेऊन, त्याचे खरे वडील आणि बहीण घेऊन, थोडी बदललेली त्याचीच गोष्ट पडद्यावर आणली. घोड्यावर बसणं आता त्याच्या जिवाशी खेळ आहे. बसलं नाही तर तो कोण, हे त्याला माहीत नाही.

यात घोडा शिकवण्याचे जे प्रसंग आहेत ते खरे आहेत. कॅमेऱ्यासमोर ब्रेडी खरोखरच एका न शिकलेल्या घोड्याशी काम करतोय. झाओ घाई करत नाही. हात मानेवर, हात काढला. अंग पाठीला टेकलं, पुन्हा जमिनीवर. पोटावर आडवं पडून पाठीवर वजन दिलं, उतरला. तोंडानं काहीतरी पुटपुटत राहणं. पाहताना मध्येच ‘आता पुढे काय’ असं वाटतं, आणि तेच बरोबर आहे. शिकवणं तसंच दिसतं. त्यात कळस नसतो, पुन्हा पुन्हा असतं. रॉबर्ट्सच्या पुस्तकात आणि रीलमध्ये जे कापून टाकलंय, ते झाओनं ठेवलंय: माणसानं मागे घेतलेली पावलं.

आणि मग ती मूठ. डोक्याच्या दुखापतीमुळे ब्रेडीला झटके येतात, आणि झटक्यात त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटते ती उघडत नाही. दोर हातात असला तर दोरावर मिटते. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं. चित्रपट पाहिला तेव्हा मी हे आजाराचं लक्षण म्हणून पाहिलं. सैल होणाऱ्या दोराबद्दल वाचल्यावर कळलं की या माणसाचं नेमकं काय गेलंय. त्याची ताकद शाबूत आहे, धीर आणि नजरही. गेलं आहे ते सोडणं. घोडा शिकवणाऱ्याच्या हातातून ऐनवेळी सोडण्याची क्रियाच गेली, तर उरलेल्या सगळ्या कौशल्याचं काय करायचं? हे चित्रपटात कुणीही बोलून दाखवत नाही. झाओ फक्त मिटलेली बोटं दाखवते.

ती मूठ घोड्यापुरती नाही हेही हळूहळू उमगतं. पुन्हा रोडिओत उतर म्हणणारे मित्र, तुटपुंजा पैसा, पुरुषानं पडल्यावर कसं उठायचं याबद्दलच्या जुन्या कल्पना. ब्रेडीनं यातलं काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं, हीच चित्रपटाची गोष्ट आहे. घोडा त्यात रूपक म्हणून आणलेला नाही. तो घोडा म्हणूनच वागतो, कुंपणाच्या तारेत पाय कापून घेतो, मारावा लागतो. म्हणून त्याच्यावरून माणसाबद्दल काही कळतं.

तरी एक उणीव राहते, आणि ती स्यूएल सोडून तिघांचीही आहे. शिंगराचं वय. पडद्यावरचा घोडा किती वर्षांचा, त्याची पाठ माणूस पेलण्याजोगी झाली का, हा विचार ‘द रायडर’मध्येही येत नाही. पाठीवर बसणं हा गोष्टीचा शेवट मानला की त्याआधीचा काळ नुसता अडथळा होतो.

घाई कुणाची

ही घाई गोष्टींनी निर्माण केलेली नाही, पण गोष्टी तिला गोंडस करतात. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू जानेवारीत, आठ महिन्यांचं असताना, कागदावर एक वर्षाचं होतं. दोन वर्षांचे घोडे शर्यतीत धावतात. केंटकी डर्बी तर तीन वर्षांच्या घोड्यांचीच शर्यत. अमेरिकेत ‘रोड टू द हॉर्स’ नावाची स्पर्धा भरते, त्यात कधी स्वार न घेतलेल्या तरण्या घोड्याला तीन दिवसांत कोण किती शिकवतो हे हजारो लोक तिकीट काढून बघतात. त्यात उतरणारे लोक आपल्या कामात वाकबगार असतात. पण शिंगराच्या मणक्यांना स्पर्धेचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

दोन घड्याळं घेऊन निघाले होते. त्यांवर चौघांना तपासलं तर स्यूएलला हाडाचं घड्याळ कळतं, आणि दोराचंही. पण तिचा घोडा फार शहाणा बोलतो. रॉबर्ट्सला दोराचं घड्याळ अचूक कळतं, आणि तो त्याला भलतं नाव देतो. ‘बक’ एका प्रसंगात या कौशल्याची हद्द दाखवतो. ‘द रायडर’ सोडणं म्हणजे काय हे एका मुठीत दाखवतो. चांगली गोष्ट आणि रील यांतला फरक मला इथे दिसतो. रील घोडा जवळ आल्यावर संपते. चांगली गोष्ट तो लांब होता तेव्हा काय चाललं होतं ते दाखवते.

आपल्याकडेही शिकवून झालेले घोडेच आपल्याला दिसतात. माथेरानच्या चढावर, चौपाटीवर, लग्नाच्या वरातीत. बँडचा कर्णा कानाशी वाजतोय, पायाशी फटाक्यांची माळ फुटतेय, पाठीवर घामाघूम नवरदेव, आणि घोडा जागचा हलत नाही. आपण म्हणतो, किती शांत आहे. तो शांत असेलही. ब्यूटीला कुरणात आगगाडीची सवय झाली तशी कुणीतरी त्याला महिनोन्‌महिने हळूहळू सवय लावली असेल. किंवा काहीही केलं तरी दोर सुटत नाही हे जिंजरसारखं कळल्यावर, जिंजरइतका रागही न उरल्यानं, तो आतून विझला असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ओळखायची एक जागा आहे. नवरदेवाकडे बघू नका, घोड्याचा दोर धरून पुढे चालणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघा. घोडा मुकाट चालत असतानाही तो दोर ताणलेलाच आहे का, की मध्ये थोडा झोळ आहे, तेवढं बघा.